पोटातले पाणी हलत नाही. पण गाडी सुरक्षित आहे का?

अमेरिकेत वर्षानुवर्षे मोठी सेडान चालवलेल्या माणसाला गाडीबद्दल विचारले, की तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, 'कितीही लांब जा, पोटातले पाणी हलत नाही.' दुसरी, 'एका बोटाने स्टिअरिंग फिरते, गाडी शब्दाबाहेर जात नाही.' आणि तिसरी, 'रणगाडा आहे हो, आत बसलेल्याला काही होणार नाही.' तिन्ही वाक्ये एकाच माणसाची आणि सारख्याच विश्वासाने उच्चारलेली. त्यामुळे ऐकणारा तिन्हींना सारखेच मोल देतो. माझे म्हणणे असे की, तसे देऊ नये. पहिले वाक्य चांगला पुरावा आहे, दुसरे अर्धामुर्धा पुरावा आहे, आणि तिसऱ्याला पुरावा म्हणताच येत नाही.

हा विषय मोटारींच्या शौकिनांपुरता नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुले शिकायला अमेरिकेत जातात. तिथे गाडीवाचून चालत नाही, आणि हातात पैसे थोडे असतात. मग कोणीतरी सुचवते, 'जुनी का होईना, मोठी अमेरिकी गाडी घे. दणकट असते.' इकडे आईवडिलांनाही ते ऐकून बरे वाटते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि अनुभवही खरा असतो. पण त्या अनुभवातून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे तपासल्याशिवाय त्यावर मुलाचा जीव टाकावा का?

आधी या गाड्यांची ओळख. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, तिचीच भावंडे मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कार, शेवरोलेची कॅप्रिस आणि इम्पाला, ब्यूइकची लेसेबर, क्रायस्लर ३००. लांबरुंद अंग, पुढे प्रशस्त बॉनेट, मागे दोन-तीन मोठ्या बॅगा सहज गिळणारी डिकी आणि सोफ्यासारख्या जागा. क्राउन व्हिक्टोरिया तर पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी म्हणून हॉलिवूडच्या चित्रपटांतून आपल्यालाही पाठ झाली आहे. तिचे उत्पादन २०११ मध्ये थांबले. फोर्ड टॉरस अमेरिकेत २०१९ मध्ये, इम्पाला २०२० मध्ये आणि क्रायस्लर ३०० ही २०२३ मध्ये बंद झाली. ग्राहक उंच गाड्यांकडे वळले. म्हणजे आता या घराण्यातली जी गाडी हाती येते, ती बहुतेक वापरलेलीच, आणि ती विकत घेताना आधार असतो तो जुन्या मालकाच्या शब्दाचा.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. गाडीच्या आरामाबाबत मालकाचा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही, आणि त्याला शास्त्राचाही पाठिंबा आहे. गाडीचे धूड स्प्रिंगांवर टेकलेले असते. एकदा हलवले की ते ठरावीक गतीने वरखाली होते. या मोठ्या सेडानमध्ये ही गती साधारण सेकंदाला एक हेलकावा इतकी संथ ठेवलेली असे. आपण चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे दोन पावले पडतात आणि प्रत्येक पावलागणिक डोके वरखाली होते. त्यामुळे इतका हेलकावा शरीराच्या अंगवळणी पडलेला असतो. बसलेल्या माणसाला खरा जाच होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा बसणाऱ्या उभ्या हादऱ्यांचा. त्या पट्ट्यात पाठीचा कणा आणि पोटातले अवयव हादऱ्याला साथ देऊ लागतात. मऊ स्प्रिंग नेमके तेच हादरे गाळून टाकते. 'पोटातले पाणी हलत नाही' हा वाक्प्रचार म्हणूनच इथे जवळजवळ शब्दशः खरा आहे.

या आरामामागे मोठी मेहनत आहे. मॉरिस ओली नावाचा ब्रिटिश अभियंता रोल्स-रॉइसमधून अमेरिकेच्या कॅडिलॅकमध्ये आला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एका मोठ्या गाडीवर सरकवता येणारी वजने बसवली. वजने पुढेमागे करून, स्प्रिंगा बदलून तो गाडी पुन्हा पुन्हा रस्त्यावर नेई. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या तर गाडी होडीसारखी नाक वरखाली न करता सपाट चालते, हे त्याच्या लक्षात आले. पण आराम मोजायचे भरवशाचे यंत्र त्या काळी त्याच्याकडे नव्हते. मग मोजणार कसे? गाडीत बसलेल्यांना विचारून! प्रवाशाचे अंग हेच त्याचे उपकरण होते. आजही कंपनांच्या मोजमापाची प्रमाणे माणसांना काय जाणवते, त्यावरच बेतलेली असतात. आराम ही अंगाला कळणारी गोष्ट आहे, म्हणून त्या अंगाच्या मालकाची साक्ष ग्राह्य. शितावरून भाताची परीक्षा इथे चालते.

तक्रारही याच न्यायाने ग्राह्य. 'मागे बसले की वळणावळणाला मळमळते', 'तीन तासांनी कंबर धरते', 'जागा इतकी खोल आहे की उठताना गुडघ्यांवर भार येतो', 'पट्टा मानेला काचतो' असे कोणी सांगितले तर त्याला किरकिरा म्हणू नये. यातली शेवटची तक्रार तर जिवाशी निगडित आहे. पट्टा काचतो म्हणून माणूस तो काखेखालून घेतो किंवा लावतच नाही. आणि मोटारीत पुढे बसलेल्याच्या मृत्यूचा धोका पट्ट्यामुळे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा हिशेब आहे.

आता दुसरे वाक्य, गाडी शब्दाबाहेर न जाण्याचे. इथे साक्ष अर्धीच. रोजच्या वापरात गाडी किती वळते, ब्रेक किती दाबावा लागतो, गल्लीत किंवा पार्किंगमध्ये घालताना किती त्रास होतो, हे मालकाला उत्तम कळते. पण रोजच्या चालवण्यात टायरांच्या पकडीचा थोडाच हिस्सा खर्ची पडतो. गाडीचा खरा स्वभाव उघड होतो तो पकड संपत आल्यावर. समोर अचानक हरीण आले, महामार्गाच्या उतरणीवर पाणी साचले होते, शेजारचा ट्रक न बघता आत घुसला, अशा दीड-दोन सेकंदांत. बहुतेक मालकांवर ती वेळ कधी येतच नाही. ज्याच्यावर येते, तो गाडीच्या वागण्याची नोंद घेण्याच्या मनःस्थितीत नसतो.

जुन्या मऊ सेडानमध्ये या बाबतीत एक गोम होती. आरामासाठी मऊ ठेवलेल्या स्प्रिंगांमुळे जोरात वळताना गाडी एका अंगाला कलते. एकदा डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळवली, तर पहिला कल ओसरण्याआधीच दुसरा सुरू होतो. स्टिअरिंग लोण्यासारखे फिरते, पण रस्त्यावर टायरांचे काय चालले आहे याची खबर हाताला पोहोचत नाही. पोलिसांसाठी तयार केलेल्या क्राउन व्हिक्टोरियाच्या स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मुद्दाम कडक असत, ते यासाठीच. तेव्हा 'पोलीस हीच गाडी वापरायचे' या वाक्याने भुलण्याआधी ती हीच होती का, असे विचारायला हवे.

दुसरी गोम जास्त गंभीर आहे. गाडीतला आवाज आणि थरथर कमी झाली, की चालकाला आपला वेग आहे त्याहून कमी वाटतो. प्रयोगांत हे दिसून आले आहे. ताशी ११० किलोमीटरला कॉफीच्या कपात तरंगही उठत नसेल, तर मनाला धोक्याची सूचना मिळणार कुठून? म्हणजे आरामाची जाणीव सुरक्षिततेबद्दल काही सांगत तर नाहीच, उलट कधी कधी दिशाभूल करते. कमी हलते म्हणून सुरक्षित वाटते, आणि सुरक्षित वाटते म्हणून पाय जड होतो.

याच्या अगदी उलट बाजूला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे. गाडी घसरू लागली की एखाद्याच चाकाला आपोआप ब्रेक लावून ती सरळ ठेवणारी ही यंत्रणा. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. एकट्या गाडीचे जे जीवघेणे अपघात होतात, म्हणजे रस्ता सोडून खाली जाणे, झाडावर आदळणे, उलटणे, त्यांचा धोका तिने जवळपास निम्म्यावर आणला. आणि मालकाला विचाराल, तर बहुतेकांना ती आपल्या गाडीत आहे की नाही हेसुद्धा ठाऊक नसते. कारण नेहमीच्या दिवशी ती काहीच करत नाही. जीव वाचवण्यात जिचा एवढा मोठा वाटा, ती जाणवतच नाही!

आता तिसरे वाक्य, रणगाड्याचे. त्याची परीक्षा २००९ मध्ये जगासमोर झाली. विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेला त्या वर्षी ५० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मॅलिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, चालकाच्या बाजूने एकमेकींवर आदळवल्या. बेल एअर ही जुन्या मालकांच्या स्वप्नातली गाडी. लांबलचक, क्रोमने मढवलेली, खाली भक्कम फ्रेम आणि वर 'तेव्हाचा' जाड पत्रा. मॅलिबू आपली मध्यम आकाराची, रोजच्या वापरातली. निकाल काय लागला? बेल एअरची चालकाची जागाच चेपली गेली. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग बाहुल्याच्या अंगावर आले. तिथे माणूस असता तर वाचणे कठीण होते. मॅलिबूच्या चालकाला पायाला किरकोळ दुखापत झाली असती, एवढेच.

बेल एअरमध्ये पट्टे आणि एअरबॅग नव्हत्या, म्हणून तुलना बरोबरीची नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पण जिथे बसायचे ती जागाच उरली नाही, तर पट्टा माणसाला बांधून ठेवणार कुठे? मूळ फरक रचनेतला होता. ताशी ६४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाचे शरीर ६० सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या २७ पट जोर येतो. तेच १० सेंटिमीटरमध्ये थांबले, तर १६० पट. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी जीव वाचतो किंवा जातो. म्हणून आधुनिक गाडीचे नाक ठरवून चुरगळते आणि चुरगळताना थांबायला अंतर मिळवून देते. त्याच वेळी मधली खोली मात्र कडक पोलादाची, न चेपणारी. बॉनेटवर बोटाने टकटक करून 'पत्रा पातळ झालाय' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. पण तो भलतीकडेच बोट ठेवतो. जीव पत्र्याने वाचत नाही. तो पत्र्याखालच्या सांगाड्याने वाचतो, आणि तो मालकाला दिसत नाही.

यावर मालकाचे उत्तर ठरलेले असते. 'तीस वर्षे चालवली, काही झाले नाही.' या वाक्याचा जरा हिशेब मांडू. अमेरिकेत आज दर १० कोटी मैलांच्या प्रवासामागे सव्वाच्या आसपास मृत्यू होतात. तिथला चालक वर्षाला सरासरी साडेतेरा हजार मैलांच्या आसपास गाडी चालवतो. या गतीने १० कोटी मैल पूर्ण करायला एका माणसाला सुमारे ७,४०० वर्षे लागतील. तीस वर्षांच्या सुखरूप प्रवासातून गाडीची सुरक्षितता ठरवणे म्हणजे चार थेंब पाहून पावसाळ्याचा अंदाज सांगणे. एखादी गाडी दुसरीपेक्षा दुप्पट धोकादायक असली, तरी दोघींचेही बहुतेक मालक 'काही झाले नाही' असेच सांगतील, आणि दोघेही खरेच सांगत असतील.

शिवाय या साक्षीदारांमध्ये एक जण कधीच नसतो. ज्याला त्याची गाडी वाचवू शकली नाही, तो मत द्यायला येत नाही. 'मोठ्या अपघातातून खरचटल्याशिवाय बाहेर आलो, गाडीने वाचवले' असे सांगणारे भेटतात. तसाच अपघात होऊन जे बाहेर आले नाहीत, त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचत नाही. वैद्यकशास्त्राला हा सापळा जुनाच माहीत आहे. अमुक काढ्याने बरा झालो असे सांगणारा माणूस समोर असतो, न झालेला नसतो. म्हणून तर औषधाची परीक्षा बरे झालेल्यांच्या अभिप्रायांवर करत नाहीत.

रक्तदाबाचे उदाहरण इथे चपखल बसते. डोके दुखायचे थांबले का, हे रुग्णाला विचारावे. त्याच्याइतके ते कोणालाच कळणार नाही. पण 'मला बरे वाटतेय, म्हणजे माझा रक्तदाब ठीक आहे' असे तो म्हणाला तर डॉक्टर यंत्र काढतात. कारण वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही, आणि जाणवतो तेव्हा उशीर झालेला असतो. गाडीचा आराम डोकेदुखीसारखा आहे, गाडीची सुरक्षितता रक्तदाबासारखी.

मग मालकाच्या समजुतीत तथ्य काहीच नाही का? आहे, आणि ते मान्य करायला हवे. वजनाचा फायदा खरा असतो. दोन टनांची आणि एक टनाची गाडी प्रत्येकी ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर जड गाडीचा वेग ४० ने बदलतो आणि हलकीचा तब्बल ८० ने. हलक्या गाडीतला माणूस दुप्पट हिसका सोसतो. अमेरिकेत अगदी छोट्या गाड्यांच्या चालकांचे मृत्यूचे प्रमाण मोठ्या गाड्यांपेक्षा जास्त आढळते, ते यामुळेच. मोठ्या गाडीला चुरगळायला नाकही लांब मिळते. नवशिक्या तरुण चालकाला अगदी छोटी गाडी देऊ नका, असे वर उल्लेखलेली विमा संस्थाही सांगते.

पण यात दोन अटी आहेत. एक म्हणजे, वजनाचा हा फायदा समोरच्याच्या खर्चाने मिळतो, आणि झाडावर किंवा पुलाच्या खांबावर आदळताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. दुसरी अशी की, मोठी असणे आणि चांगली रचलेली असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ मध्ये याच संस्थेने सहा मोठ्या सेडान तपासल्या. लिंकन कॉन्टिनेन्टल सर्वांत वरच्या श्रेणीत आली. शेवरोले इम्पाला आणि फोर्ड टॉरस त्या श्रेणीपर्यंत पोहोचल्या नाहीत. तिन्ही अमेरिकी, तिन्ही ऐसपैस. आत बसून कोणालाही हा फरक सांगता आला नसता.

न जाणवणाऱ्या धोक्याची आणखी दोन उदाहरणे याच घराण्यातली आहेत. क्राउन व्हिक्टोरियाची पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे होती. रस्त्याच्या कडेला थांबलेल्या पोलीस गाड्यांवर मागून भरधाव वाहने आदळून आगी लागल्या आणि काही पोलीस त्यात गेले. सरकारी तपासात कायद्याच्या अर्थाने दोष सापडला नाही. तरी फोर्डने २००२ मध्ये पोलिसांच्या गाड्यांना संरक्षक कवचे बसवायला घेतली. हीच गाडी समोरच्या धडकेच्या सरकारी चाचणीत पाच तारे मिळवणारी होती, आणि पोलीस व टॅक्सीवाले तिच्यावर खूष होते. साध्या मालकाला हा प्रश्न सहसा भेडसावला नाही, कारण महामार्गाच्या कडेला तासन् तास उभे राहणे हे त्याचे काम नव्हते.

दुसरे उदाहरण क्रायस्लर ३०० चे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये २००५ ते २०१० च्या काळातल्या या गाडीच्या मालकांना आणि तिच्या काही भावंडांच्या मालकांना कंपनीने कळवले की, टकाटा कंपनीची एअरबॅग बदलून घेईपर्यंत गाडी चालवूच नका. त्या एअरबॅगमधले रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते. मग धडकेच्या वेळी एअरबॅग फुगवणारा धातूचा डबाच फुटतो आणि त्याचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. आदल्या दिवसापर्यंत ती गाडी तितकीच गुळगुळीत चालत होती. दुसऱ्या दिवशीही तशीच चालली असती.

इथे कोणी म्हणेल, मग चाचण्यांचे तारे डोळे मिटून मानावेत का? तेही नको. परीक्षेत येईल तेवढाच अभ्यास करणारे विद्यार्थी असतात, तशा कंपन्याही असतात. गाडीच्या नाकाचा एक चतुर्थांश भाग आदळवण्याची कठीण चाचणी विमा संस्थेने २०१२ मध्ये सुरू केली, तीही चालकाच्या बाजूने. कंपन्यांनी रचना सुधारली. २०१६ मध्ये संस्थेने तीच धडक शेजारच्या प्रवाशाच्या बाजूने देऊन पाहिली, तेव्हा चालकाला उत्तम जपणाऱ्या कित्येक गाड्या प्रवाशाला तितके जपत नाहीत असे दिसले. बाहुल्यांचेही तसेच. चालकाच्या जागी बसवायचा बाहुला दीर्घकाळ सरासरी पुरुषाच्या मापाचा राहिला. सगळे चालक त्या मापाचे नसतात. त्यामुळे चाचणीचा निकाल आणि रस्त्यावरच्या प्रत्यक्ष मृत्यूंची नोंद, दोन्ही हवीत. पण चाचणीतली ही उणीव उघड झाली, तीही पुढच्या चाचणीने. कोणा मालकाच्या समाधानाने नव्हे.

आणि या नोंदींनीच फरक पडला आहे. अमेरिकेत मोटार सुरक्षेचा कायदा १९६६ मध्ये झाला, तेव्हा दर १० कोटी मैलांमागे सुमारे साडेपाच मृत्यू होत. आज ते प्रमाण सव्वाच्या आसपास आहे. यात रस्ते, रुग्णसेवा आणि दारू पिऊन चालवण्याविरुद्धचे कायदे यांचाही वाटा आहे. पण १९६६ च्या मालकाला विचारले असते, तर त्यानेही आपली गाडी रणगाडा असल्याचेच सांगितले असते.

तर मालकाच्या शब्दाला सुरक्षिततेच्या बाबतीत जागाच नाही का? आहे, पण ती प्रशस्तिपत्राची नाही, तक्रारीची आहे. औषध बाजारात आल्यावर त्याचे दुष्परिणाम रुग्णांनी आणि डॉक्टरांनी कळवायचे असतात. 'मला काही झाले नाही' या हजार अभिप्रायांपेक्षा 'मला असे झाले' हे दहा अभिप्राय जास्त सांगून जातात. तसेच अमेरिकेचे सुरक्षा प्रशासन गाडीमालकांच्या तक्रारी गोळा करते, आणि सारख्याच तक्रारी साठू लागल्या की तपास सुरू होतो. 'ब्रेक मध्येच मऊ पडतो', 'वळताना इंजिन बंद पडले', 'पट्ट्याचे कुलूप लागत नाही', हे सांगणारा मालक सुरक्षिततेची मोठी सेवा करतो. गाडीत खोट आहे हे एका माणसाला कळू शकते. खोट नाही, हे एकट्याला कळू शकत नाही.

हे सगळे दूरदेशीचे म्हणून सोडून द्यावे असेही नाही. दार 'धप्प' आवाज करत लागले की गाडी मजबूत, ही परीक्षा आपल्याकडच्या शोरूममध्येही रोज घेतली जाते. भारतात २०२३ च्या ऑक्टोबरपासून 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू झाली आहे. तिचे तारे पाहण्याआधी आपण मायलेज आणि शेजाऱ्याचे मत विचारतो, हेही खरे.

अमेरिकेतल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी वापरलेली सेडान बघत असाल, तर जुन्या मालकाला जरूर विचारा, पण त्याला जे कळते तेच विचारा. पाठ दुखते का, रात्री हेडलाइटमध्ये पुढचे नीट दिसते का, मागे घेताना काय झाकले जाते, पट्टा अंगाला बसतो का, कोणता दिवा सारखा लागतो. पुढचे प्रश्न त्याला विचारू नका, कागदाला विचारा. स्टॅबिलिटी कंट्रोल आहे का? बाजूच्या आणि डोक्याजवळच्या एअरबॅग आहेत का? नेमक्या त्याच वर्षाच्या मॉडेलचा चाचणीतला निकाल काय? आणि गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. दुरुस्तीसाठी परत बोलावलेला एखादा भाग बदलायचा राहिला असेल, तर तिथे फुकट कळते. या चार गोष्टी तपासायला अर्धा तास पुरतो, आणि तो इथून आईवडीलही देऊ शकतात.

एवढे झाल्यावर दोन गाड्या सारख्याच उतरल्या, तर खुशाल पोटातले पाणी न हलवणारी घ्यावी. लांबच्या प्रवासात न शिणलेला चालक हेही थोडेथोडके सुख नाही. फक्त फोनवर 'गाडी कशी आहे?' असे विचाराल आणि पलीकडून 'एकदम रणगाडा!' असे उत्तर येईल, तेव्हा समाधानाने फोन ठेवू नका. 'ते राहू दे, मॉडेल कोणत्या वर्षाचे?' असे विचारा.